डिंगमारांचं शिवार

गोऱ्या परदेश्याला मराठीने आधी त्याच्या डोक्यावरून ओळखलं. पागोटं नाही, टोपी आहे. मग हा टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे १७१५ च्या सुमाराला, या टोपीकर सावकारांपासून जपून राहा असं बजावताना त्यांच्या जातीही सांगितल्या आहेत. त्यांत फिरंगी आहेत, इंग्रज आहेत, वलंदेज आणि फरासीस आहेत आणि रांगेच्या शेवटी एक नाव असं आहे की आजचा वाचक तिथे अडखळतो: डिंगमार.

आधीच्या चौघांची ओळख पटते. फिरंगी हे फ्रँक लोकांचं नाव, अरबी-फारसीतून आलेलं आणि आपल्याकडे पोर्तुगिजांना चिकटलेलं. त्यांच्या सरळ पात्याच्या तलवारीलाही आपण फिरंगच म्हणालो. इंग्रज आणि वलंदेज ही नावं पोर्तुगिजांच्या तोंडून आली. ‘इंग्लेझ’चा इंग्रज झाला, ‘ओलांदेझ’चा वलंदेज. शेवटचा ज ही त्या उच्चाराची खूण. म्हणजे दीडशे वर्षं ज्याने राज्य केलं त्याला आपण अजून त्याच्या प्रतिस्पर्ध्याने ठेवलेल्या नावाने हाक मारतो. फरासीस म्हणजे फ्रेंच, हे सांगायला नको.

डिंगमार म्हणजे डेन्मार्कचा माणूस. पोर्तुगिजांत त्या देशाला दिनामार्का म्हणतात. बंगालीने त्याचं ‘दिनेमार’ केलं आणि तो शब्द तिथे अजून चालतो. बंगाली इतिहासाच्या पुस्तकात डॅनिश कंपनी ही दिनेमारांचीच असते. मराठीने द चा ड केला, शेवटचा क सोडला. मला तर वाटतं तोच क पुढे सरकून ग होऊन मधे बसला. हिंदीतल्या ‘डींग मारना’शी या शब्दाचा काही संबंध नाही. मराठवाड्यात हिंदी येता-जाता कानावर पडत असते, त्यामुळे डिंगमार म्हणजे बढाया मारणारा, असा अर्थ लावायचा मोह होतो खरा. शब्दांच्या मागे लागणाऱ्याने असले मोह शिवेवरच सोडून यावेत.

शिवेचं नाव निघालंच आहे तर ते पुढे न्यायला हरकत नाही, कारण डेन्मार्कच्या नावात शीवच आहे. ‘मार्क’ या जुन्या जर्मानिक शब्दाचा अर्थ सीमा, सीमेलगतचा मुलूख. डेन लोकांचा सीमाप्रदेश तो डेन्मार्क. आणि आजच्या डॅनिश भाषेत साध्या शेतालाही ‘मार्क’च म्हणतात. सीमेचा शब्द शेतावर कसा आला, हे आमच्या मराठवाड्यातल्या अंबड तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्याच्याकडे शीव आहे आणि तिच्या आत शिवार आहे. संस्कृत सीमेची शीव झाली आणि तिच्या आतल्या काळ्या रानाला शिवार हे नाव पडलं. मुंबईत हीच शीव इंग्रजी स्पेलिंगात अडकून ‘सायन’ झाली, तो भाग वेगळा. डेन्मार्कचं मराठी भाषांतर करायचंच झालं तर ‘डेनांचं शिवार’ हे नाव मला पसंत आहे. गंमत म्हणजे या शिवाराला कुठूनही निघालं तरी तासाभरात समुद्र लागतो.

अंबडला समुद्र लागत नाही. अंबडच्या आसपास पाणी म्हणजे दक्षिणेला शहागडाजवळची गोदावरी, आणि गावात अहिल्याबाई होळकरांच्या नावाने सांगितली जाणारी पायऱ्यापायऱ्यांची बारव. त्यामुळे बंदरावरचे मराठी शब्द इकडे पोचतात ते वेष पालटून. ‘बंदर’ म्हटलं की इकडच्या पोराच्या डोळ्यांपुढे शेपटी येते, कारण दख्खनी हिंदीतला बंदर त्याला जास्त ओळखीचा. फारसीतून आलेला बंदर, बोरीबंदर आणि मसजिद बंदरातला, त्याला पुस्तकात भेटतो. ‘धक्का’ इकडे एसटीत चढताना बसतो. मुंबईत भाऊच्या धक्क्याला बोट लागते. आणि सगळ्यांत सुरेख फसवणूक ‘नांगर’ या शब्दाची. शेतातला नांगर संस्कृत ‘लांगल’मधून आला. बोटीचा नांगर म्हणजे फारसी ‘लंगर’. दोन्ही शब्दांत ल होता, मराठी जिभेने दोन्हीकडे त्याचा न केला आणि एक जमीन फाडणारा, दुसरा तळ पकडणारा, असे दोन नांगर एकाच नावाने राहू लागले. दोघांचा आकडाही लोखंडी आणि वाकडाच. घरात सख्खे भाऊ म्हणून वावरणारे हे दोघे मुळात भाऊच नाहीत, हे कोशात बघितल्याशिवाय कळत नाही.

तरीही या कोरड्या मुलुखाचं बंदराशी नातं जुनं आहे. शेजारच्या पैठणचा माल गाड्यांत भरून, उंचसखल वाटांनी भडोचच्या बंदरावर जात असे, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाने ‘पेरिप्लस’मध्ये लिहून ठेवलं आहे. पैठणहून दगड जात, अकीकासारखे मौल्यवान. तेर, म्हणजे त्याचं तगर, तिथून कापड जाई. पैठण हे नाव मात्र ‘पट्टण’वरून आलेलं नाही. पट्टण म्हणजे बंदर किंवा पेठेचं शहर, मछलीपट्टण, नागपट्टण यांतलं. पैठण हे ‘प्रतिष्ठान’ झिजून झालेलं. कानाला सारखे लागतात म्हणून दोघांना एकत्र बसवू नये.

अंबडचं नावही ऐकीव कथेवर उभं आहे. अंबऋषींनी वसवलं म्हणून अंबड. गावाजवळच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी आहे. टेकडीचा आकार माशासारखा, म्हणून देवीचं नाव मत्स्योदरी, असं सांगतात. समुद्रापासून इतक्या लांब, मोसंबीच्या आणि कपाशीच्या मुलुखात, ग्रामदेवतेच्या नावात मासा असावा हे मला फार आवडतं. नवरात्रात टेकडीवर यात्रा भरते, तेव्हा माणूस देवीला ‘बघायला’ जात नाही, दर्शनाला जातो.

दर्शन या शब्दाचं पुढे काय झालं ते मुंबई दर्शन, पुणे दर्शन अशा पाट्या लावलेल्या बसगाड्या सांगतील. देवळातला शब्द तिकिटाच्या गाडीत बसला. त्याच्या आधी आपल्याकडे तीर्थाटन होतं, देशाटन होतं. अट् म्हणजे भटकणं, आणि त्यालाच परि लावून झालं पर्यटन. अरबीतून सफर आली, सैर आली. महाबळेश्वर-माथेरानने ‘पॉइंट’ आणला, तो इतका रुळला की घरातली म्हातारी माणसंही ‘सगळे पॉइंट झाले का’ असं विचारतात. सरकारी फलकावर मात्र ‘प्रेक्षणीय स्थळे’. हा शब्द जड वाटतो, पण त्याची बांधणी बघण्यासारखी आहे. प्र, ईक्ष् म्हणजे पाहणे, आणि वर ‘अनीय’ हा प्रत्यय, म्हणजे ‘त्या लायकीचं’. डॅनिश भाषेत पर्यटकाने पाहायच्या जागेला ‘सेवेर्दिहेद’ म्हणतात. ‘से’ म्हणजे पाहणे, ‘वेर्दी’ म्हणजे लायक, ‘हेद’ म्हणजे पणा. पाहण्यालायकपणा. प्रेक्षणीयता. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता एकच शब्द सारख्याच तीन तुकड्यांतून घडवला आहे. जर्मनमध्येही तो असाच आहे आणि डॅनिशने तो तिथूनच उचलला. बोलताना आपण ‘बघण्यासारखं’ म्हणतो, त्यातही लायकीचीच गोष्ट आहे.

डिंगमारांच्या राजधानीत असे पाहण्यालायकपणे पुष्कळ. कोपनहेगन हे आपण लिहितो ते नाव जर्मन वळणाचं. तिथले लोक म्हणतात ‘क्योबनहाउन’. जुनं रूप ‘कोपमन्नाहाफ्न’, व्यापाऱ्यांचं बंदर. बिशप आब्सालोनने ११६७ मध्ये तिथे किल्ला बांधला तेव्हा गावाला नुसतं ‘हाउन’, म्हणजे बंदर, एवढंच म्हणत. आपणही पेठेच्या गावाला पेठ म्हणून मोकळे होतो. शहरातलं रंगीत घरांचं ‘न्यूहाउन’, जे प्रत्येक कॅलेंडरवर असतं, त्याचा अर्थ ‘नवं बंदर’. हे नवं बंदर १६७० च्या दशकात खोदलं. म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमाराची गोष्ट अजून ‘नवी’च आहे. पुण्यातली नवी पेठ, नवा पूल आठवावा. एकदा नवं म्हटलेलं जुनं करण्याची सोय भाषेत नसते.

त्याच न्यूहाउनच्या काठी परीकथा लिहिणारा हान्स अँडरसन वेगवेगळ्या काळी तीन घरांत राहिला. त्याच्या १८३७ च्या कथेवरून एडवर्ड एरिकसनने केलेला मत्स्यकन्येचा पुतळा १९१३ पासून पाण्याकाठच्या शिळेवर बसला आहे. उंची जेमतेम सव्वा मीटर. लांबून आलेला माणूस ‘एवढीशीच?’ असं म्हणतो, आणि तेही प्रत्येक भाषेत. डॅनिशमध्ये ती ‘हाउफ्रू’, समुद्राची बाई. आपण तिला मत्स्यकन्या केलं, म्हणजे समुद्र काढून मासा घातला. मत्स्योदरीच्या गावच्या माणसाला हा बदल आपसूक सुचावा.

पलीकडे बोर्सन, जुनी व्यापारपेठ. शेपट्या गुंफलेल्या चार ड्रॅगनांचा तिचा मनोरा १६ एप्रिल २०२४ च्या आगीत जळून कोसळला, ते दृश्य टीव्हीवर अनेकांनी पाहिलं असेल. ती इमारत बांधली राजा चौथ्या क्रिस्तियानने, आणि आपल्याला ती महत्त्वाची तीही याच राजामुळे. १६१६ मध्ये त्याने पूर्वेकडच्या व्यापारासाठी कंपनी काढली, १६१८ मध्ये गलबतं पाठवली. डिंगमार हा शब्द मराठीच्या दफ्तरात येण्याची सुरुवात त्या धक्क्यावरून झाली.

गलबतं लागली ती तमिळ किनाऱ्याला. ओवे ग्येड्डे या चोविशी-पंचविशीतल्या दर्यावर्दीने १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकाशी करार केला आणि तरंगंबाडीला डान्सबोर्ग नावाचा किल्ला बांधला. हे नाव वाचताना अंबडकराचा जीव उगाच हरखतो. तरंगंबाडीच्या पोटात चक्क ‘अंबाड’ दिसतो. तो तिथे नाही. तोड ‘तरंगम्’ आणि ‘पाडी’ अशी आहे, म् च्या शेजाराने प चा ब झाला इतकंच. ‘गाणाऱ्या लाटांचं गाव’ असा जो गोड अर्थ पर्यटकांना सांगतात, तोही नंतरचा. किनाऱ्यावरच्या मासिलामणिनाथ मंदिरातल्या १३०६ च्या शिलालेखात गावाचं नाव ‘सडंगनपाडी’ आहे, त्यात ना तरंग, ना गाणं. डेनांच्या तोंडी त्याचं ‘ट्रांकेबार’ झालं, इंग्रजांनी ‘ट्रँक्वेबार’ केलं आणि मग कुणीतरी ते पुन्हा देशी करताना अर्थासकट सजवलं. गावांची नावं अशी घासूनपुसून परत येतात तेव्हा पूर्वीपेक्षा देखणी असतात, आणि तिथेच संशय घ्यावा.

१६७६ च्या सुमाराला तंजावर एकोजी भोसल्यांच्या हाती आलं आणि डेन लोक आपल्या बंदराचा वार्षिक खंड मराठी राजाला देऊ लागले. त्या अर्थी आज्ञापत्राच्या काळात एक भोसले डिंगमारांचा घरमालकच होता. याच बंदरातल्या मिशनमध्ये १७५० साली आलेला श्वार्ट्झ हा पाद्री पुढे तंजावरच्या दरबारात वजन राखून होता आणि पोरक्या सरफोजीराजांचं पालकत्व त्याने केलं. सरफोजी १७९८ मध्ये गादीवर आले. त्यांनी छापखाना काढला, आणि इसापाच्या गोष्टींचं मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ तंजावरात १८०६ साली नागरी खिळ्यांनी छापलं गेलं. नेपोलियनच्या पराभवाप्रीत्यर्थ त्यांनी समुद्रकाठी सहाकोनी बुरूज बांधला, त्याला तमिळ लोक आजही ‘मनोरा’ म्हणतात. हा आपला मराठी मनोराच. मुळात अरबी ‘मनारा’, उजेडाची जागा, दीपस्तंभ. वाळवंटातून निघालेला शब्द मराठ्यांच्या पालखीत बसून तमिळ किनाऱ्यावर उतरला आणि तिथे विशेषनाम होऊन राहिला.

पण मराठी शब्दांसाठी डिंगमारांचं खरं बंदर हे नव्हे. ते हुगळी नदीवर आहे, कोलकात्याच्या वर विसेक किलोमीटर.

डेनांना बंगालच्या नवाबाकडून १७५५ साली तिथे वखार घालण्याची परवानगी मिळाली. गावाचं नाव श्रीरामपूर, रामसीतेच्या देवळावरून. आमच्याकडे श्रीरामपूर म्हटलं की गोदावरीपलीकडचं, उसाचं आणि साखरेचं श्रीरामपूर आठवतं, त्यामुळे ‘श्रीरामपूरला मराठीचा पहिला कोश छापला’ असं वाक्य ऐकून अंबडचा माणूस नगर जिल्ह्याकडे बघू लागेल. डेनांनी आपल्या राजावरून गावाला नवं नाव दिलं: फ्रेडरिक्सनगर. राजाचं नाव पुढे, नगर मागे. अहमदनगरची हीच घडण. निजामशहाने केलं, डेन्मार्कच्या राजाच्या माणसांनीही केलं. राज्यकर्ता कुठलाही असो, शेपटीला ‘नगर’च लागतं. तिकडचं फ्रेडरिक्सनगर कागदोपत्री राहिलं आणि लोकांचं श्रीरामपूर टिकलं. इकडच्या दोन शेजारी शहरांची नावं आता अहिल्यानगर आणि छत्रपती संभाजीनगर झाली आहेत, शेपटीला नगर मात्र दोन्हीकडे आहेच. समोरच्या काठावरचं बराकपूर त्याहून मजेदार: पुढे इंग्रजी बराक, मागे संस्कृत पूर.

हावड्याहून लोकल पकडावी. पूर्व भारतातली पहिली रेल्वे १५ ऑगस्ट १८५४ ला याच मार्गावर धावली आणि श्रीरामपूर तेव्हाही तिच्या वाटेवरचं स्टेशन होतं. नदीकडे चालत गेलं की जुनं डिंगमारी गाव एवढ्याशा जागेत उलगडतं. १८०६ साली पुरं झालेलं सेंट ओलाव्ह चर्च, त्याच्या दर्शनी भागावर सातव्या क्रिस्तियानची राजमुद्रा. ओलाव्ह हा नॉर्वेचा राजा आणि संत; त्या काळी नॉर्वेही डेन्मार्कच्याच राजाकडे होतं. मोडकळीला आलेलं हे चर्च दुरुस्त झालं आणि २०१६ मध्ये त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. नदीकाठी १७८६ ची डॅनिश टॅव्हर्न, खलाशी आणि व्यापाऱ्यांची खानावळ-मुसाफिरखाना. छप्पर कोसळून नुसत्या भिंती उरल्या होत्या, ती डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मदतीने उभी करून २०१८ मध्ये उघडली. आता तिथे चहा-कॉफी मिळते. जवळचा घाट ‘निशान घाट’. डेन्मार्कचं तांबडं-पांढरं निशाण तिथे लागे म्हणून. फारसी ‘निशान’, आपणही निशाणच म्हणतो, आणि न चा ण करून त्याला पुरतं घरचं केलं आहे.

त्या निशाणाने मराठीवर एक मोठा उपकार केला आहे. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलुखात मिशनरी नको होते. लोक बिथरतील, धंदा बुडेल, ही भीती. ऑक्टोबर १७९९ मध्ये वॉर्ड आणि मार्शमन हे पाद्री आले ते इंग्रजी हद्द टाळून सरळ श्रीरामपुरात उतरले. कंपनीने त्यांना परत पाठवायला सांगितलं. डॅनिश गव्हर्नर ओले बी यांनी त्यांना हवाली करायचं नाकारलं. जानेवारी १८०० मध्ये विल्यम केरी हा पाद्रीही त्यांना येऊन मिळाला आणि छापखाना सुरू झाला. नदीपलीकडे बराकपूरला खुद्द गव्हर्नर जनरलचा बंगला, आणि इकडे त्याला नको असलेली माणसं खिळे जुळवत बसलेली. मधे पाणी आणि डिंगमारांचं निशाण.

केरी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली आणि संस्कृत शिकवी, पुढे मराठीही शिकवू लागला. त्याला मराठी शिकवलं ते नागपूरच्या वैजनाथ शास्त्री कानफाड्यांनी. हे नाव ठळक लिहायला हवं. केरीच्या नावावर निघालेल्या मराठी पुस्तकांमागे शास्त्रीबुवांची जीभ आहे, त्यामुळे छापील मराठी गद्याचा पहिला सूर नागपुरी लागला, पुणेरी नव्हे. १८०५ मध्ये श्रीरामपूरला मराठीचं व्याकरण छापलं गेलं आणि १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश. मग सिंहासनबत्तिशी, हितोपदेश अशी पुस्तकं. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना चालू व्हायला व्याकरणानंतर दहाएक वर्षं जायची होती. मराठी ग्रंथ नागरी खिळ्यांवर छापण्याची सुरुवात हुगळीकाठी आणि कावेरीकाठी झाली, आणि दोन्हीकडे आसपास एक डॅनिश बंदर होतं. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती आणि तिला या कशाचा पत्ता नव्हता.

‘खिळा’ हा शब्दही इथेच थांबून बघण्यासारखा. छपाईच्या शिशाच्या अक्षराला मराठीने ठोकायच्या खिळ्याचं नाव दिलं. रांगेत दाबून बसवायचा म्हणून. त्या रांगा लावणारा तो जुळारी. श्रीरामपूरचे खिळे पाडले पंचानन कर्मकार या बंगाली कारागिराने आणि त्याच्या मागे त्याचा जावई मनोहर याने. कर्मकार म्हणजे लोहार. पोलादी ठशावर अक्षर उलटं कोरायचं, तो ठसा तांब्यावर ठोकून खोबण करायची, खोबणीत रस ओतायचा. मराठीच्या व्याकरणाला त्यांनी देवनागरी खिळे वापरले, म्हणजे आपल्या जुन्या शब्दात बाळबोध. कोशातले मराठी शब्द मात्र मोडीत आहेत. मोडीची अक्षरं हात न उचलता एकमेकांत वाहत जाणारी, त्यांना सुटं सुटं करून शिशात बसवणं हे लिपीच्या स्वभावाविरुद्धचं काम. ‘मोडी’ हे नावच मुळी मोडण्यावरून, बाळबोधाचे कोपरे मोडून वळणं केली म्हणून. ती पुन्हा मोडून लोहाराच्या जावयाने तिचे खिळे केले.

अंबड तालुक्यात मोडी हा शब्द आज कुणाला अपरिचित नाही. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे याच तालुक्यातलं अंतरवाली सराटी हे गाव राज्याच्या राजकारणाच्या मध्यभागी आलं, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसिलांतली मोडी, उर्दू, फारसी दफ्तरं बाहेर निघाली. मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली. पणजोबाच्या नावापुढचा एक शब्द काय आहे, एवढ्यासाठी माणसं कागद घेऊन फिरत होती. शब्दाचं वजन यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

उपकाराचा हिशेब मात्र नीट मांडायला हवा. कोशाच्या साली, १८१० मध्ये, श्रीरामपूरवर डॅनिश निशाण नव्हतंच. सप्टेंबर १८०७ मध्ये इंग्रजी आरमाराने कोपनहेगनवर तोफा डागल्या आणि डेन्मार्कची लढाऊ जहाजं पळवून नेली. त्या भांडणाचा धक्का इथवर पोचला. १८०८ च्या सुरुवातीला इंग्रजांनी श्रीरामपूर ताब्यात घेतलं ते १८१५ पर्यंत. तोवर केरी कंपनीच्याच कॉलेजात पगारी शिक्षक होता, त्याला हात लावायचं कारण उरलं नव्हतं. छापखान्याचा घास इंग्रजांनी घेतला नाही, आगीने घेतला. ११ मार्च १८१२ च्या रात्री कागद, हस्तलिखितं, खिळे सगळं पेटलं. मूळ ठसे वाचले, वितळलेल्या शिशातून पुन्हा खिळे ओतले आणि काम चालू राहिलं. १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजाने श्रीरामपूरच्या कॉलेजला पदव्या देण्याची सनद दिली. इंग्रजी राजवटीत भारतातल्या एकाही विद्यापीठाचा तेव्हा जन्म झाला नव्हता. केरी १८३४ मध्ये तिथेच वारला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आला आणि केरीचा मागे पडला.

१८४५ साली डेन्मार्कने श्रीरामपूर आणि तरंगंबाडी दोन्ही साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकलं. डिंगमार हा शब्दही मग कामाचा राहिला नाही. आपण इंग्रजीवरून डेन्मार्क आणि डॅनिश घेतलं आणि जुना शब्द इतिहास संशोधकांकडे गेला. डॅनिश भाषेतला एखादा तरी शब्द मराठीत रुजला का म्हणाल, तर जुन्या मराठीत मला तो सापडत नाही. नव्या मराठीत दोन आहेत. मुलांचं ‘लेगो’ हे ‘लाय गोट’, म्हणजे नीट खेळ, या दोन डॅनिश शब्दांचं कडबोळं. आणि दुसरा, इंग्रजी वेषातला, अंबडच्या बसस्थानकाजवळच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात ऐकू येतो: ‘ब्लूटूथ चालू कर.’

हे दहाव्या शतकातल्या डेन राजाचं टोपणनाव. हाराल्ड ब्लोतान, निळा दात. त्याने आणि त्याच्या बापाने, गोर्मने, येलिंग या गावी उभ्या केलेल्या शिळांवर डेन्मार्क हे नाव कोरलेलं आहे. त्या देशात हे नाव याहून जुनं कुठे कोरलेलं नाही. विखुरलेली माणसं त्याने एकत्र आणली, म्हणून विखुरलेली यंत्रं जोडणाऱ्या तंत्राला १९९० च्या दशकात त्याचं नाव दिलं. खोक्यावरची निळी खूण म्हणजे हाराल्डच्या नावाची दोन रून अक्षरं, ह आणि ब, एकात एक गुंतवलेली. मोडी वाचता येत नाही म्हणून हळहळणाऱ्या घरातल्या पोरांनाही हे एक जोडाक्षर मात्र पाठ असतं.